जी ओळ आम्ही केली नव्हती

मी एका मुलीला भर वर्गात खोटे पाडले. ती खरे बोलत होती हे मला ठाऊक होते आणि वर्गातल्या प्रत्येक मुलालाही ठाऊक होते. तरीही मी शांतपणे, जराही न अडखळता, तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितले की ती त्या दिवशी गैरहजर होती. ही गोष्ट मी पत्नीला सांगितली नाही, सहकाऱ्यांना सांगितली नाही. पुढे माझ्या हट्टी प्रामाणिकपणाबद्दल चारचौघांत चांगले बोलले जाऊ लागले, तेव्हाही मी ते ऐकून घेतले आणि मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तेव्हा मी डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य उलटला होता. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी दुसऱ्या गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्याच सुमारास ‘क्षमता’ हा शब्द शाळांमध्ये आला. कोणत्या इयत्तेच्या मुलाला काय काय आलेच पाहिजे, त्याची क्रमांक घातलेली वाक्ये आम्हाला प्रशिक्षणात मिळाली. ती वाक्ये रोजच्या पाठाच्या टाचणात लिहायची, तक्त्यात त्यांच्यापुढे खुणा करायच्या आणि महिनाअखेरीस तक्ता वर पाठवायचा. बहुतेकांनी तो एक नवा कागदी ताप मानला. मला ती वाक्ये आवडली, हे मी आजही कबूल करतो. आपण मुलांना वर्षानुवर्षे कशासाठी बसवून ठेवतो, हे कोणीतरी प्रथमच साध्या वाक्यांत लिहिले होते. फक्त ती वाक्ये ज्यांच्याबद्दल होती, त्यांना सोडून बाकी सगळ्यांना दाखवली जात होती.

म्हणून मी ती भिंतीवर लिहिली. चुन्याच्या भिंतीवर, कावेने म्हणजे तांबड्या मातीने, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि मुलांच्या बोलीत. ‘वस्तूंचे समान भाग करून वाटप करतो’ याचे आम्ही ‘मला सारखं वाटता येतं’ असे केले. वर्गात काहीही केले की मी शेवटी विचारत असे, “हे आपण कशासाठी केलं?” मग मुले भिंतीशी जात आणि ओळ शोधत. ओळीवर सगळ्यांचे एकमत झाले की तिच्याखाली एक मूल कावेने भाताची लोंबी काढी. एकमत झाले नाही, तर ओळ कोरी राही. नियम एकच होता आणि तो मीच घालून दिला होता: केले नसेल तर केले नाही म्हणायचे, मग विचारणारा कोणीही असो.

आसपासच्या दहाबारा शाळांच्या केंद्राचे प्रमुख भिंत पाहून हसले होते. ते म्हणाले, “मुलांना क्षमता कळून काय करायच्यात, गुरुजी? त्या आपल्यासाठी असतात.” मी तेव्हा मानले नाही आणि आजही मानत नाही. नांगराला जुंपलेल्या बैलालासुद्धा बांध कुठे संपतो ते दिसत असते. मुलांना तेवढेही दिसू नये, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटलेले नाही.

भिंतीपुढचे वाद मला अजून ऐकू येतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी केल्या, तेव्हा त्या ‘मला गोल ओळखता येतो’खाली जाव्यात की हस्तकलेच्या ओळीखाली, यावरून एक मुलगा रुसून घरी निघाला होता. ‘सारखं वाटता येतं’ ही ओळ आली त्या दिवशी आम्ही चिंचोके वाटून पाहिले. लोंबी काढायची वेळ आली, तशी चौथीतली एक मुलगी उभी राहिली. काळी, किडकिडीत, आवाज खणखणीत. ती म्हणाली, “आमची आई सारखं नाय वाटत. भाकरी भावाला जास्ती देते. म्हंजे आईला ही क्षमता आली नाय का?”

वर्ग लोटपोट हसला. एकाने सुचवले की तिच्या आईला तिसरीत बसवावे. ती हसली नाही, उत्तराची वाट पाहत उभी राहिली. तिला वाटता येते, पण ती मुद्दाम तसे वाटते, असे मी सांगितले. यावर ती म्हणाली, “मग लोंबी काढा. पण मी आईला सांगणार.” तिने सांगितलेही, कारण दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या कुंपणापाशी थांबून, “गुरुजी, माझी परीक्षा घेता व्हय?” असे विचारून हसत पुढे गेली होती.

मी खोटे पाडले ती हीच मुलगी. ती शाळा बुडवीत नसे. लावणीच्या दिवसांतही तिची आई स्वतः चिखलात उभी राही आणि धाकट्याला शेजारणीकडे ठेवून हिला शाळेत पाठवी. पाड्यावर ते सोपे नव्हते. मुलीच्या हजेरीचा त्या बाईला अभिमान होता आणि मुलीलाही होता. हे मला चांगले ठाऊक होते.

होळीच्या आधी भिंतीवर एक ओळ कोरी उरली होती: ‘मला गढूळ पाणी स्वच्छ करून दाखवता येतं.’ त्यासाठी वाळू, कोळसा, तुरटी, मडकी असे सगळे जमवले होते. पाणी नव्हते. पाड्याची विहीर तळाला गेली होती. बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून त्यात झिरपलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत. त्यातला एक हंडा धड्यासाठी आण, असे कोणत्या मुलाला सांगणार? धरणे आमच्याच तालुक्यात होती, भातसा काय आणि तानसा काय, आणि त्यांचे पाणी मुंबईला चालले होते. इथल्या माणसाला याचे नवल वाटत नाही, मलाही वाटत नसे. पण त्या दिवसांत मडकी रिकामी पाहून माझा जीव जळत असे.

अशात तपासणीचा निरोप आला. तक्ता भरून हवा होता आणि भिंतही पूर्ण दिसायला हवी होती. एका संध्याकाळी, मुले गेल्यावर, मी स्वतः काव कालवली आणि त्या ओळीखाली लोंबी काढली. सकाळी मुलांनी ती पाहिली. “गुरुजी, ही कधी केली?” असे एकाने विचारले. पाऊस पडला की करू, असे मी सांगून टाकले.  ती मुलगी लोंबीकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. भिंत पाहून ते खूश झाले आणि मुलांना वेगवेगळ्या ओळी दाखवून विचारू लागले. मुले धडाधड सांगत होती. मग त्यांच्या पेनाचे टोक त्या ओळीवर थांबले. हे कसे केलेत, कोण सांगेल, असे त्यांनी विचारले.  मी खिडकीकडे पाहू लागलो.

ती उभी राहिली. “ते आमी केलं नाय, साहेब. पाणी नव्हतं.”

मी जे शिकवले होते ते तिने केले होते. केले नसेल तर केले नाही म्हणायचे, मग विचारणारा कोणीही असो. साहेब माझ्याकडे वळले. त्या क्षणी मला एवढेच म्हणायचे होते की ती खरे सांगते आहे. पाण्यावाचून धडा राहिला, हे मी म्हटले असते तर शरम कोणाला वाटायला हवी होती? मला नाही आणि मुलांना तर नाहीच. पण माझ्या तोंडून निघाले, “ती त्या दिवशी गैरहजर होती, साहेब.”

साहेबांनी मान हलवली आणि दुसऱ्या मुलाला विचारले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुस्तकातली चार वाक्ये म्हणून दाखवली. आधी वाळू, मग कोळसा. साहेब “शाबास” म्हणाले. ती अजून उभीच होती. साहेब तिला प्रेमाने म्हणाले, “बस बाळ. शाळा बुडवू नये.” ती बसली.

मधल्या सुट्टीत मुलांनी तिला ‘खाडेवाली’ म्हणायला सुरुवात केली. मुलेच ती. ती हजर होती हे त्यांना पक्के माहीत होते, पण गुरुजींनी एक नवे नाव देऊन टाकले होते आणि ते वापरायला छान होते. मी ओट्यावर साहेबांना चहा देत होतो. मला ऐकू येत होते.

मुलांच्या चिडवण्यातून ही गोष्ट पाड्यावर पोचली आणि दोन-तीन दिवसांनी तिची आई आली. या वेळी ती कुंपणापाशी थांबली नाही, सरळ वर्गाच्या दारात आली. डोक्यावरचा लाकडांचा भारा तिने ओट्याशी टाकला होता. मुले आत होती. ती हळूच बोलायचा प्रयत्न करत होती, पण तिचा आवाज तसा नव्हता.

“गुरुजी, पोर शाळेत आली नव्हती तो दिस कोणता? मी तिला रोज वाटेला लावते. मग ती गेली कुठं?”

त्या प्रश्नात काय भीती होती, ते मला लगेच कळले. दहा वर्षांची मुलगी घरातून शाळेला निघते आणि शाळेत पोचत नाही, तर वाटेत रान आहे, ओढा आहे, रस्त्याच्या बांधकामावर आलेली परकी माणसे आहेत. आईने तिला झोडपले होते. मुलगी मी शाळेतच होते म्हणत राहिली, म्हणून आणखी झोडपले होते. “एवढा मार खाल्ला, तरी खोटंच बोलते,” ती म्हणाली. “गुरुजी कशाला खोटं सांगतील?”

माझ्या मागे, भिंतीजवळच्या रांगेत, ती मुलगी बसली होती. मी वळलो नाही. मी त्या बाईला म्हणालो, “वहिनी, लेकरं आहेत, होतं असं. मारू नका.”

या वाक्याइतके सौम्य वाक्य मी आयुष्यात दुसरे बोललो नसेन. माझ्या मऊ बोलण्याचे सगळीकडे कौतुक होत आले आहे. त्या दिवसापासून मला ते कौतुक नकोसे झाले. साहेबांपुढचे खोटे घाईत बोलले गेले, असे एखादे वेळी स्वतःला समजावता येते. दारात उभ्या असलेल्या आईला दिलेले उत्तर मात्र मी विचार करून दिले होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर ते अधिक नीच होते.

ही फारच लहान गोष्ट आहे, असे वाचणाऱ्या कोणाला वाटेल. मी त्याच्याशी भांडायला तयार आहे. शिक्षकाने ढापलेल्या पैशांची चौकशी होते. शिक्षकाने मुलाच्या खऱ्या शब्दाची किंमत घालवली, तर तिची चौकशी कोण करतो? वर्ग त्यानंतर बदलला. “हे कशासाठी केलं?” असे विचारले की मुले भिंतीआधी माझ्या चेहऱ्याकडे पाहत आणि मला हवी असेल ती ओळ सांगत. वाद बंद झाले. लोंब्या पटापट भरल्या. ती मुलगी रोज येई, विचारले तर ओळ बिनचूक वाचून दाखवी आणि बसे. स्वतःहून ती पुन्हा उभी राहिली नाही. चौथी झाली आणि ती पुढच्या शाळेत गेली.

जून उजाडला तसे मी पहिले काम हे केले. त्या ओळीखालची लोंबी खरडून काढली आणि नव्या चौथीला सांगितले की ही अजून व्हायची आहे. आणि त्यानंतर मुलांनी ‘झाले’ म्हटल्याशिवाय एकही खूण तक्त्यात केली नाही. महिनाअखेरीस माझा तक्ता कोऱ्या चौकटी घेऊन जाऊ लागला. पंचायत समितीच्या सभेत मला उभे करण्यात आले. मी म्हणालो की जे झाले नाही तिथे मी खूण करणार नाही. आवाज न चढवता म्हणालो, पण मागे घेतले नाही. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, “गुरुजींचा उपास आहे, चौकटीत काही घालत नाहीत.” सभा हसली. माझ्या कोऱ्या चौकटींमुळे सगळ्या केंद्राची टक्केवारी बसते, अशी तक्रार सहकाऱ्यांनी केली, आणि ती खरी होती. नोटीस आली. नोटिशीला मी उत्तर दिले की चौकट कोरी आहे याचा अर्थ काम राहिले आहे, आणि काम राहिले आहे हे कळावे म्हणूनच चौकटी असतात. दुसरी नोटीस आली. तिलाही तेच उत्तर दिले.

शेवटी बदली झाली. मुरबाड तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला, जिथे एसटी दिवसातून एकदा येई. मला वाईट वाटले नाही. तिथेही भिंत होती, तिथेही काव मिळत होती. मुले पुन्हा भांडू लागली. लगोरी रचण्याचा खेळ ‘मोठ्यापासून लहानापर्यंत लावता येतं’खाली घालायचा, असा तिसरीने आग्रह धरला. चौथीचे म्हणणे पडले की मग रोज खेळायलाच पाहिजे, कारण सराव लागतो. मी लोंबी काढू दिली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना हा खेळखंडोबा वाटला. भिंत पुसा असे त्यांनी सांगितले. मी पुसली नाही. ते दरवर्षी सांगत, मी दरवर्षी पुसत नसे. मुलांना आपण कशासाठी बसलो आहोत हे कळलेच पाहिजे, हा माझा हट्ट मी कोणापुढे सोडला नाही आणि त्याबद्दल मला तिळभरही पश्चात्ताप नाही.

लोक मला बाणेदार म्हणू लागले. मी वरिष्ठांना नमत नव्हतो, हे खरेच होते. पण ज्या एका बाईपुढे मला खरे बोलायचे होते, तिच्या गावाला जाणारा रस्ता मी टाळत होतो. अधिकाऱ्यांशी झुंजणे मला सोपे जात होते, कारण तिथे मी बरोबर होतो.

काही वर्षे अशी गेली. दोन हजारचे दशक संपत आले होते. एका जूनमध्ये पहिलीत नाव घालायला एक मुलगा घेऊन एक बाई आली. पदर खोचलेला, चपला दाराबाहेर नीट ठेवलेल्या. मुलगा तिच्या जावेचा होता. घरात शिकलेली हीच, म्हणून शाळेचे काम हिच्याकडे. मी जन्मतारीख विचारत होतो आणि ती भिंतीकडे पाहत होती.

“अजून लिहिता भिंतीवर?” तिने विचारले.

आवाजावरून मी त्या मुलीला ओळखले.  ती उठून भिंतीशी गेली, एका कोऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि ही राहिली का म्हणून विचारले. राहिली, मी म्हणालो. तिने मान डोलावली.

मुलाला बाहेर खेळायला पाठवून मी बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी मी जे सांगितले, ते... तिने मला पुरे करू दिले नाही. रागावलेली नव्हती. तिचा सूर कामाचे बोलणाऱ्या माणसाचा होता.

“मी हजर होते, ते मला ठाव आहे, गुरुजी. मला काय सांगता? आईला सांगा. ती अजून म्हणते, माझी पोर गुणाची, पण एकदा मात्र शाळा चुकवून कुठं गेली ती तिनं कधी सांगितलं नाय.”

मी जातो म्हणालो. या रविवारीच जातो म्हणालो. आणि गेलो नाही. श्रावण गेला, गणपती गेले. ती पुतण्याला सोडायला येई, माझ्याकडे एकदा पाही आणि जाई. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी ती दारात थांबली. “भाऊबीजेला माहेरी गेले होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमी येऊन गेला असाल. आईला विचारलं, तर ती म्हणाली, कोण गुरुजी?” आणि ती निघून गेली.

त्या रविवारी मी गेलो. किन्हवलीपर्यंत एसटी, पुढे जीप, मग चालत. वाटेत मी मनात भाषण जुळवत होतो. त्यात विहीर होती, ओढा होता, धरणे होती, तक्ता वर पाठवण्याची घाई होती. चांगले भाषण होते. पाडा दिसू लागला तसे मला कळले की त्यात त्या बाईसाठी काहीच नाही.

ती अंगणात नाचणी पाखडत होती. केस पांढरे झाले होते. दीर पडवीत दोरी वळत होता, शेजारच्या दोघी सुपे घेऊन बसल्या होत्या. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि म्हणाली, “तुमी ते भिंतीवाले गुरुजी ना? या, बसा. किती म्हातारे झालात.” तिने सूप बाजूला ठेवले, माझ्या मुलांची चौकशी केली, जावयाचे कौतुक सांगितले, नातवंडांचे सांगितले. दिराने तंबाखू पुढे केली. बोलणे इतके सरळ आणि मायेचे चालले होते की त्यातच बसून राहावे, चहा घ्यावा आणि उठावे, हा माझा जुना मऊपणा पुन्हा मला खाली ओढू लागला.

चहा टाकायला ती उठली. मी तिला थांबवले. शेजारणी उठून जाऊ लागल्या. त्यांनाही बसा म्हटले, कारण खोटे मी चारचौघांत बोललो होतो. मग मी अंगणात उभा राहिलो. पाण्याचे कारण माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. पडवीतल्या माणसालाही ऐकू जावे, इतक्या मोठ्याने बोललो.

“वहिनी, तुमची मुलगी कधीच शाळा चुकवून कुठं गेली नव्हती. ती रोज शाळेतच होती. ती खरं बोलली आणि मी साहेबांना खोटं सांगितलं. तुम्ही विचारायला आलात, तेव्हा ती माझ्या पाठीमागे बसली होती, आणि तरी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. तिला तुमच्या हातचा जो मार बसला तो माझ्यामुळे बसला. तिचीही मी माफी मागणार आहे, पण आधी तुमची मागतो. माझं चुकलं. मला माफ करा.”